परदेशी पंतोजींची शिदोरी

इ. स. १९०१ च्या जुलै महिन्याच्या २३ तारखेस अमेरिकन लष्कराचे ‘थॉमस’ नावाचे वाहतुकीचे जहाज सॅन फ्रान्सिस्को बंदरातून फिलिपीन्सकडे निघाले, तेव्हा त्यावर नेहमीच्या पलटणींऐवजी सुमारे पाचशे शिक्षक आणि शिक्षिका होत्या. दोन कोटी डॉलर मोजून हा द्वीपसमूह स्पेनकडून आपल्या अंमलाखाली घेण्याचा तह होऊन तीन वर्षेही लोटली नव्हती. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फिलिपिनोंशी चाललेले युद्ध अद्याप शमले नव्हते. आणि ज्या गावांत लष्करातील शिपाईच मुलांकडून इंग्रजी मुळाक्षरे घोकून घेत होते, त्या गावांत आता पेशाने शिक्षक असलेली माणसे तैनात करावीत, असा नव्या सरकारचा मनसुबा होता. त्याच वर्षीच्या जानेवारीतील चौऱ्याहत्तराव्या कायद्याने अमेरिकेतून एक हजार शिक्षक आणण्याचा अधिकार शिक्षणाधिकाऱ्यास दिला होता आणि सरकारी शाळांतील शिक्षणाचा पाया इंग्रजी भाषा राहील, हेही ठरवून टाकले होते. आपल्या मुंबई इलाख्यात त्या काळी प्राथमिक शाळा मराठीसारख्या देशी भाषांतून चालत आणि इंग्रजीचा क्रम नंतर येई, हे ध्यानी घेतले म्हणजे या निर्णयातील धाडस, किंवा धार्ष्ट्य म्हणा, अधिक उठून दिसते.

या मंडळींनी निघण्यापूर्वी कोणती तयारी केली होती, याचे मला विशेष कुतूहल वाटते. त्यांच्यापैकी बहुतेकांपाशी महाविद्यालयाची पदवी वा अध्यापन-विद्यालयाचे प्रमाणपत्र होते, वर्गावर उभे राहण्याचा अनुभव होता आणि दरमहा पाऊणशे ते सव्वाशे डॉलर वेतनाचा करार होता. परंतु ज्या मुलखात जावयाचे तेथील भाषा, हवापाणी आणि रीतिरिवाज यांची शिदोरी जवळजवळ रिकामीच होती. होनोलुलूस मुक्काम करून जवळजवळ महिनाभर चाललेल्या त्या प्रवासात मंडळींनी उत्साहाने आपल्या सफरीची एक छापील रोजनिशी सिद्ध केली. २१ ऑगस्टला जहाज मनिलाच्या उपसागरात पोहोचले, दोन दिवस ते विलगीकरणात राहिले आणि २३ तारखेस हे ‘थॉमसाइट’, कारण याच नावाने इतिहास त्यांस ओळखतो, किनाऱ्यावर उतरून प्रांतोप्रांती पांगले. पुढील वर्षीच्या पटकीच्या साथीने त्यांतील काहींचा बळी घेतला.

हाती जी क्रमिक पुस्तके होती ती अमेरिकेतील मुलांसाठी रचलेली, बाल्डविन यांच्या वाचनमालेसारखी. त्यांतील सफरचंद आणि बर्फ फिलिपिनो मुलांनी जन्मात पाहिलेले नव्हते, आणि ज्या आंब्यानारळांच्या सावलीत ती वाढली त्यांचा पुस्तकात मागमूस नव्हता. शब्द तर शिकवावयाचा, पण त्याचा अर्थ दाखवावयास वस्तू नाही, अशा पेचात सापडलेल्या शिक्षकाला बोस्टनची पदवी काय उपयोगी पडणार! ही उणीव पुढे कामिलो ओसियास या फिलिपिनो शिक्षणतज्ज्ञाने आपल्या ‘फिलिपीन रीडर्स’ या मालेत भरून काढली. म्हणजे परदेशी पंतोजींनी सोबत आणावयाची वस्तू अखेर स्थानिकांनीच तयार केली. १९२५ साली कोलंबिया विद्यापीठाच्या पॉल मन्रो यांच्या समितीने या शिक्षणव्यवस्थेची पाहणी केली, तेव्हा परकी भाषेच्या ओझ्याने मुलांची प्रगती कुंठित होते, असेच तिच्याही प्रत्ययास आले. १९४८ पासून इलोइलो प्रांतात मातृभाषेतून शिकविण्याचा प्रयोग झाला आणि १९५७ मध्ये पहिल्या दोन इयत्तांचे माध्यम प्रादेशिक भाषा करण्यात आले.

नेमक्या याच सुमारास अमेरिकन पंतोजींची दुसरी लाट आली. १४ ऑक्टोबर १९६० रोजी, रात्री दोनच्या सुमारास, मिशिगन विद्यापीठाच्या पायऱ्यांवरून राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी यांनी विद्यार्थ्यांना परदेशी सेवेचे आवाहन केले. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १ मार्च १९६१ च्या फर्मानाने त्यांनी ‘पीस कोअर’ ही स्वयंसेवक संघटना स्थापन केली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शंभराहून अधिक तरुण स्वयंसेवक फिलिपीन्समध्ये शाळा-साहाय्यक म्हणून रुजू झाले. थॉमसाइटांची तयारी अपुरी, तर यांची अतोनात! विद्यापीठांच्या आवारांत आठवडेच्या आठवडे भाषेचे पाठ, अमेरिकेचा इतिहास, जागतिक घडामोडी आणि साम्यवादाच्या धोक्याची व्याख्याने. शिवाय कित्येक तुकड्यांना पोर्टो रिकोच्या रानातील छावणीत नेऊन कडे चढावयास आणि हातपाय बांधलेल्या स्थितीत पाण्यावर तरंगावयास लावीत. मानसशास्त्रज्ञ प्रत्येकाची पारख करीत, सोबत्यांकडून एकमेकांविषयी मते मागवीत आणि अयोग्य ठरलेल्यास घरी धाडीत. आपल्या विक्रोळीस १९६६ मध्ये परिचारिका म्हणून आलेल्या अडुसष्ट वर्षांच्या लिलियन कार्टर, ज्यांचे चिरंजीव पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्याही मानसिक तपासणीच्या याच चाळणीतून पार पडल्या होत्या.

इतके करून फिलिपीन्समधील खेडेगावात जे सामोरे आले ते अरण्य नव्हतेच. तेथे शाळा होती, मुख्याध्यापिका होती आणि वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवीत आलेल्या अनुभवी शिक्षिका होत्या. त्यांच्यात हा बावीस वर्षांचा पदवीधर नेमका कशासाठी, हे त्यालाही उमगत नव्हते आणि त्यांनाही. साहाय्यक या हुद्द्याचा अर्थ कोणत्याही दप्तरात स्पष्ट नव्हता. तेथील पहिले संचालक लॉरेन्स फुक्स यांनी पुढे लिहिलेल्या पुस्तकात या कोंडीची सविस्तर चिकित्सा आहे: स्पष्टवक्तेपणाला सद्गुण मानणारा अमेरिकन तरुण आणि परस्परांचे मन राखण्याला सद्गुण मानणारा फिलिपिनो समाज एका छपराखाली आले, म्हणजे पाठाच्या पद्धतीविषयी सहज सुचविलेली सुधारणाही अपमान ठरते. दोर धरून कडा उतरण्याचा सराव येथे काय कामाचा? शिक्षकांच्या खोलीत गप्प कसे बसावे आणि केव्हा बोलावे, एवढे कोणी सांगितले असते तर पुष्कळ झाले असते, असे मला वाटते.

साठीचे दशक सरता सरता ही तालीम अमेरिकेतील आवारांतून हळूहळू यजमान देशांत हलविण्यात आली. नवागताने स्थानिक कुटुंबात राहावे, भाषा त्या घरातच ऐकावी, आणि नेमणुकीपूर्वी गावच्या शाळेत पाठ घेऊन दाखवावा व त्याचे परीक्षण स्थानिक शिक्षकांनी करावे, अशी रीत रूढ होत गेली. आणि ज्यांना साहाय्य देण्यास हे पंतोजी निघाले होते, त्यांच्याच हाती त्यांची परीक्षा गेली.