कर्जतमध्ये 1996 चा डिसेंबर

बाहेर कर्जतचा पाऊस. तुम्ही लॅपटॉपवर जुन्या गेमयंत्राची नक्कल करणारा इम्युलेटर उघडता. पांढऱ्या पडद्यावर केशरी आकृती उमटते, खर्जातला तो जड सूर येतो आणि आत 1996 चा डिसेंबर सुरू होतो. आतल्या खेळाला वाटतं, आपण सोनीच्या करड्या प्लेस्टेशनमध्येच आहोत : 33.87 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 2 मेगाबाइट मेमरी. इम्युलेटर त्याला ही थाप बेमालूम मारत राहतो.

खेळ आहे त्याच डिसेंबरात जपानमध्ये आलेला ‘पारप्पा द रॅपर’. संगीतकार मासाया मात्सुउरा यांचा. चित्रं रॉडनी ग्रीनब्लाट यांची. कागदातून कापून काढावा तसा चपटा कुत्रा, समोर कांद्याच्या डोक्याचा कराटेगुरू. गुरू एक ओळ म्हणतो, वर चिन्हं सरकतात : त्रिकोण, गोल, फुली, चौकोन. तीच ओळ तुम्ही बटणांनी म्हणायची.

तुम्ही म्हणता. सम हुकते. पुन्हा म्हणता, पुन्हा हुकते. ‘गुड’वरून ‘बॅड’, मग ‘ऑफुल’.

हात बरोबर आहेत, काळ चुकतोय. जुन्या पिक्चर ट्यूबवर सिग्नल आला की चित्र जवळजवळ त्याच क्षणी दिसायचं. तुमच्या कानातले ब्लूटूथ बोंडे मात्र आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने, कधी त्याहूनही उशिरा पोचवतात. खेळातलं एक चित्र साधारण 17 मिलिसेकंदांचं. म्हणजे तुम्ही सहा चित्रं मागे आहात. बोंडे काढा, वायरचा हेडफोन लावा. ऑडिओ बफर कमी करा. आवाज तडतडला तर थोडा वाढवा.

एवढ्याने भागलं नाही, तर ‘रन-अहेड’ सुरू करा. रेट्रोआर्च या इम्युलेशनच्या प्रोग्राममध्ये ही सोय 2018 मध्ये आली. बटण दाबलं की इम्युलेटर खेळाला गुपचूप एक-दोन चित्रं पुढे पळवतो, तिथलं दृश्य तुम्हाला आत्ताच दाखवतो आणि खेळाला परत मागे आणून ठेवतो. हे दर चित्राला. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो. भविष्यात जाऊन यायचं म्हणजे एवढं होणारच.

आता डिसेंबर 1996 मधूनच खिडकीबाहेर बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग अजून नाही. ट्रक खालापूर-खोपोलीवरून जुन्या रस्त्याने घाटाला लागतात. स्टेशनात पुण्याच्या गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडली जातायत. पोरं टीव्हीला कॅसेट लावून मारिओ नाहीतर काँट्रा खेळतायत. हा कुत्रा इथे कुणाच्या गावी नाही. समजा, कुणाच्या मामाने जपानहून प्लेस्टेशन आणलंच, तरी ते 100 व्होल्टचं. थेट आपल्या प्लगला लावलं तर धूर. ट्रान्सफॉर्मर जोडूनही फक्त ‘पाल’ (PAL) पद्धतीचं रंगीत चित्र दाखवणाऱ्या आपल्या टीव्हीवर सगळं काळं-पांढरं. म्हणजे तुम्ही आठवणीत परतलेले नाहीत. कर्जतच्या वाट्याला कधी न आलेल्या डिसेंबरात तुम्ही आगाऊपणे शिरला आहात.

आगाऊपणा करायचाच, तर पुरता करा. गुरूचं हुबेहूब म्हणून ‘गुड’च्या वर सरकता येत नाही, हे खेळ तोंडाने सांगत नाही. आधी सगळा खेळ एकदा पुरा करा, मग परत येऊन ठेका धरा आणि पखवाजवाला दुगुन घेतो तशी मधल्या मोकळ्या जागेत बटणं पेरा. चुकवताय असं वाटेल. आणि मग ‘कूल’! गुरू बाजूला होतो, मैदान तुमचं.

फार हुरळू नका. पुढच्या पातळीत मूस प्राण्याच्या बाई गाडी शिकवतात आणि त्या कांदेगुरूहून कडक आहेत.