अभिमन्यू, मोझार्ट आणि गर्भातले बाळ

गर्भसंस्कार वर्गांचा पुरस्कार करताना दोन दाखले हमखास दिले जातात : अभिमन्यू आणि मोझार्ट. दोन्ही मुळातून पाहिले पाहिजेत.

भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतल्या द्रोणपर्वात अभिमन्यू युधिष्ठिराला सांगतो की, व्यूह फोडण्याची युक्ती मला वडिलांनी शिकवली आहे, पण संकटात बाहेर पडणे मला जमणार नाही. गर्भाचा तिथे उल्लेखच नाही. व्यूहाचे वर्णन ऐकताना त्याच्या गर्भवती आईला, सुभद्रेला, झोप लागल्याची कथा नंतरची. मोझार्टचे संगीत ऐकवण्याचा प्रयोग १९९३ सालचा. त्यात ना गर्भवती होत्या ना बाळे. होते ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी, आणि आकृत्यांच्या कोड्यांतली त्यांची सरशी दहा-पंधरा मिनिटांत ओसरली.

मग गर्भ काहीच शिकत नाही? शिकतो, आणि तेही विलक्षण. सहाव्या महिन्याच्या सुमारास त्याला ऐकू येऊ लागते. बाहेरचे शब्द त्याच्यापर्यंत पुसट होऊन येतात, सुरांचे चढउतार आणि लय मात्र पोचते. अँथनी डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांच्या १९८६ च्या प्रयोगात आयांनी शेवटचे सहा आठवडे एकच गोष्ट रोज मोठ्याने वाचली. जन्मानंतर बाळे चोखण्याची लय बदलून तीच गोष्ट मागू लागली, मग आवाज परक्या बाईचा का असेना! २००९ मध्ये तर फ्रेंच नवजातांचे रडणे चढत्या सुराचे आणि जर्मन नवजातांचे उतरत्या सुराचे आढळले.

‘मग हाच गर्भसंस्काराचा पुरावा’ असे कोणी म्हणेल. तो तसा नाही. बाळाने ओळखली ती लय. गोष्टीचा अर्थ नव्हे. आणि ती लय आईच्या रोजच्या बोलण्यातून आपोआप मिळते, त्यासाठी वर्गाची फी भरावी लागत नाही.

शब्दांचे ध्वनी पक्के होतात ते जन्मानंतर. इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळे हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ वेगळे ओळखतात; वर्षाच्या आत ही क्षमता ओसरते, असे जॅनेट वर्कर यांनी १९८४ मध्ये दाखवले. पॅट्रिशिया कूल यांच्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बाळे समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून चिनी ध्वनी शिकली, पडद्यावरून नाही.

मला खरा राग येतो तो मूल मागे पडले की आईने कोणते स्तोत्र ऐकले नाही, हे विचारले जाते त्याचा. विचारायचेच तर पोषणाबद्दल विचारावे. ज्या नळीपासून मेंदू घडतो ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटते, पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचे कळण्याआधी. म्हणून फॉलिक आम्लाची गोळी गर्भधारणेआधीच सुरू व्हायला हवी. आयोडीन आणि लोह पुरेसे आहे का, ही चौकशी सासरच्यांनी करावी.