शेअर दलालाकडून नुकसानभरपाई

दलालाच्या हयगयीमुळे गुंतवणूकदाराला झालेला तोटा भरून मागण्याचा हक्क. बाजार पडल्याने झालेला तोटा यात येत नाही, आणि अनेक दावे इथेच फसतात. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 211 नुसार मालकाच्या (इथे ग्राहकाच्या) सूचनेबाहेर जाऊन प्रतिनिधीने (इथे दलालाने) तोटा केला तर तो त्याने भरायचा. नफा झाला तर त्याचाही हिशेब द्यायचा. कलम 212 निष्काळजीपणाच्या थेट परिणामांची भरपाई देते, दूरान्वयाच्या परिणामांची नाही. त्यामुळे ‘विका’ सांगूनही न विकलेल्या शेअरच्या भावातला फरक मागता येतो. त्या पैशातून पुढे काय कमावले असते, याचा हिशेब सहसा टिकत नाही.

खरा प्रश्न पुराव्याचा. सेबीच्या 2018 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा दलालाने जपायचा असतो: सही, फोनचे रेकॉर्डिंग, ईमेल, एसएमएसची नोंद. वाद झाल्यास सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच. तरीही रोजच्या काँट्रॅक्ट नोटवर महिनोन्‌महिने हरकत न घेणारा ग्राहक स्वतःची बाजू कमकुवत करतो.

तक्रार आधी दलालाकडे, मग सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार पोर्टलवर करतात, तिथे मुदत एक वर्षाची आहे. 2023 पासून ‘स्मार्ट ओडीआर’ या वाद सोडवण्याच्या पोर्टलवर सलोखा आणि नंतर लवाद ऑनलाइन होतो. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या गावच्या गुंतवणूकदाराला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. लवादाच्या निवाड्याला 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 34 खाली न्यायालयात आव्हान देता येते, पण मोजक्याच कारणांवर.