कार्बोलिकचा वास आणि मुलकोवालची बाटली

आजचा विषय सूक्ष्मजीवशास्त्राचा, आणि बोलणारे आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेले. तेव्हा थोडी भीड वाटते आहे. पण मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, एका गोष्टीनंतर दुसरी घडली, तर पहिली दुसरीचं कारण आहे की नुसता योगायोग, हे ओळखायचं कसं?" उत्तर जिन्यात देण्यासारखं नव्हतं. आपल्या नैयायिकांनी याला काकतालीय न्याय म्हटलं. कावळा बसला, फांदी मोडली. आम्ही घरी जाऊन विचार केला की हे पुस्तकातून सांगण्यापेक्षा मुंबईच्या प्लेगमधून सांगावं. तिथे कावळाही आहे, फांदीही आहे आणि माणसं मेलेली आहेत.

सुरुवात एका वासापासून करू. फिनेलचा वास आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आज बाटलीत काय काय असतं ते सोडा, पण त्या वासाचं मूळ घराणं कोळशाच्या डांबराचं. १८३४ साली रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने डांबरातून एक पदार्थ वेगळा काढला, तेच कार्बोलिक ॲसिड, म्हणजे फिनॉल. नावात ॲसिड असलं तरी आम्लता अगदी मवाळ. मात्र जिवंत पेशीला ते भारी पडतं. पेशीचं आवरण ते फोडतं आणि आतली प्रथिनं गोठवतं. अंड्याचा पांढरा बलक तव्यावर पडला की जसा घट्ट होतो, पुन्हा पातळ होत नाही, तसंच काहीसं. १८६७ साली लिस्टरने जखमांवर कार्बोलिक वापरल्याचे अनुभव प्रसिद्ध केले आणि शस्त्रक्रियेचा इतिहास बदलला. पण त्याबरोबर एक समजूतही रुजली: हा वास आला म्हणजे जागा शुद्ध झाली. खुद्द लिस्टरने हवेत कार्बोलिक फवारणं १८९० पर्यंत सोडून दिलं होतं. समजूत मात्र सुटली नाही.

आता मुंबईला येऊ. सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीचा प्लेग ओळखला. रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला येर्सिनने शोधला होता. म्हणजे जंतू माहीत होता. तो माणसापर्यंत येतो कसा, हे माहीत नव्हतं. घाण, दमट जमीन, कोंदट हवा, कपडे, धान्य, सगळ्यांवर संशय. मग काय केलं? समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक यांनी गटारं धुतली, घरं धुतली, भिंतींना चुना दिला. लाखो लोक शहर सोडून गेले आणि प्लेगही पसरत गेला. पुण्यात पुढे काय झालं ते आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो आहोत. १० मार्च १८९७ ला रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्यात आज शिरत नाही, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. घरात उंदीर पडला की घर सोडायचं, गावाबाहेर झोपडी टाकून राहायचं, हे लोकांना कळलं होतं. त्यांना जंतू ठाऊक नव्हता, पण अन्वय ठाऊक होता: जिथे उंदीर मरतात तिथे मागोमाग माणसं मरतात. न्यायशास्त्रात अन्वयाला जोडीदार लागतो, तो व्यतिरेक. कारण काढून घेतलं की कार्यही नाहीसं झालं पाहिजे. हा व्यतिरेक जून १८९८ मध्ये कराचीला पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने दाखवायला घेतला. प्लेगच्या उंदराजवळ जाळीपलीकडे निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श नाही, पण पिसवा उडी मारून जाऊ शकतात. निरोगी उंदीर प्लेगने मेला. सिमोंचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मग १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने हीच गोष्ट पुन्हा नीट तपासली. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिगांचे पिंजरे ठेवले, काहींना बारीक जाळी लावली, काहींना नाही. हवा तीच, घर तेच, दमटपणा तोच. जाळीतले जगले. पिसू आत जाऊ शकत नव्हती, एवढाच फरक. याला म्हणतात व्यतिरेक! आम्ही वर्गात मिल शिकवताना इतकं चांगलं उदाहरण दिलं नाही याची आज खंत वाटते.

आता गटारातल्या कार्बोलिकचा विचार करा. जंतू उंदराच्या रक्तात, तिथून पिसवेच्या पोटात, तिथून माणसाच्या रक्तात. गटार धुतल्याने या वाटेत कुठे अडसर आला? आणि गटारातले उंदीर धुण्याने हुसकले गेले असतील तर कुठे गेले असतील?

याच काळात, ऑक्टोबर १८९६ मध्ये, वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. जन्म ओडेसाचा, ज्यू, पाश्चरच्या संस्थेत काम केलेले, कलकत्त्याला पटकीची लस टोचून अनुभव घेतलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली आणि तीन महिन्यांत लस तयार झाली. जंतू मांसाच्या रश्श्यात वाढवायचे. गाईचं किंवा डुकराचं मांस इथे चालणार नाही, म्हणून बकऱ्याचं. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, म्हणजे जंतूंची वाढ त्यांना धरून खाली लोंबकळते. पुरेसे वाढले की उष्णतेने मारायचे आणि शेवटी अर्धा टक्का कार्बोलिक घालायचं. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेले आणि न टोचलेले कैदी अशी तुलना केली. पुन्हा व्यतिरेक.

पुढे पंजाबातून लसीची मागणी इतकी वाढली की कृती आटोपशीर करणं भाग पडलं. जंतू उष्णतेनेच मरतात, मग कार्बोलिक कशाला? ते वगळलं.

आणि ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली. सुमारे आठवड्याने त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला. एकोणीसच्या एकोणीस मेले. हे सगळे ५३-एन या एकाच बाटलीतून टोचलेले. बाकीच्या ८८ जणांना काही झालं नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. निष्कर्ष निघाला तो असा: बाटली मुलकोवालला उघडण्याआधीच, म्हणजे परळला, दूषित झाली असावी, आणि कार्बोलिक वगळणं ही गंभीर चूक. कृती बदलली, माणसं मेली. कावळा बसला, फांदी मोडली. हाफकिनना कामावरून दूर केलं.

आता रसायनशास्त्र काय म्हणतं ते पाहू. धनुर्वाताचा जंतू मातीत बीजाणूच्या रूपात राहतो. मोड आलेली मटकी बोटाने चिरडते, कोरडी मटकी दाताला लागते. बीजाणू हा कोरडा दाणा. आत पाणी नगण्य, वर कवच. पाच टक्के कार्बोलिकमध्येही तो तासन् तास टिकतो. अर्धा टक्का त्याचं काय करणार? प्रामाणिकपणे सांगायचं तर एक मुद्दा चौकशीच्या बाजूनेही आहे: कार्बोलिक असतं तर बीजाणू मेले नसते, पण बाटलीत त्यांना मोड फुटणं अडलं असतं. बाटली ४१ दिवस आधी भरलेली होती. तेव्हा प्रश्न नेमका झाला: त्या ४१ दिवसांत आत जंतू वाढले होते का?

वाढले असते तर दोन खुणा दिसल्या असत्या. धनुर्वाताच्या वाढीला घाणेरडा वास येतो, आणि बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला कसलाही वास आलेला नव्हता. दुसरी खूण काळाची. वाढलेल्या जंतूंचं विष आधीच तयार असतं, ते टोचलं तर लक्षणं लवकर दिसतात. इथे सुमारे आठवडा गेला, म्हणजे थोडे बीजाणू आत गेले आणि शरीरात वाढले असंच म्हणावं लागतं. साक्षीत आणखी एक तपशील होता. बूच काढायचा चिमटा मदतनीसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो ज्योतीवर धरला नाही. कार्बोलिकमध्ये बुचकळला आणि वापरला.

बघा, त्या मदतनीसाला आम्ही दोष देणार नाही. गावात रांग लागलेली, हाताशी भांड्यात कार्बोलिक, आणि त्या वासावर तर सगळ्या सरकारचा विश्वास होता. मुंबईची गटारं ज्या श्रद्धेने धुतली त्याच श्रद्धेने त्याने चिमटा बुचकळला.

हाफकिनची बाजू घ्यायला पुढे आले ते सिम्प्सन आणि रोनाल्ड रॉस, तेच मलेरियाचे नोबेलवाले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र आलं. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिनवरचा ठपका दूर झाला. ते कलकत्त्याला परतले, पण लसीचे मोठे प्रयोग पुन्हा त्यांच्या हाती आले नाहीत. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचं नाव दिलं गेलं, तेव्हा ते युरोपात होते. १९३० मध्ये लोझानला वारले.

प्रश्न विचारणारे गृहस्थ आज आले आहेत का? आले असतील तर पुढे बसा, प्रश्नोत्तरांची सुरुवात तुमच्यापासूनच करू.