पाच डॉलरचं तिकीट आणि पंचावन्नचा वेग

म्युझिक अ‍ॅप उघडलं की ‘इंडी’ नावाची एक प्लेलिस्ट हमखास समोर येते. हळुवार गिटार, किंचित झोपाळू आवाज, पावसाळी दुपारी लावून ठेवावा असा मूड. माझ्या पिढीला हा शब्द असाच भेटला, एखाद्या चवीसारखा. पण ‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’चं छोटं रूप आहे आणि १९८०च्या दशकातल्या अमेरिकेत त्याचा अर्थ फार रोकडा होता. तुमची रेकॉर्ड कोण छापतं? दुकानात कोण पोचवतं? शेजारच्या राज्यात जाऊन वाजवायचं तर पेट्रोलचे पैसे कोण देतं? मोठी कंपनी यातलं काहीच करत नसेल, तर तुम्ही इंडी. मग तुमची गिटार हळुवार असो की कान फाडणारी.

मी पोटापाण्यासाठी बॅकएंडचा कोड लिहिते. एका सर्व्हरवरचा निरोप दुसऱ्यापर्यंत कसा पोचतो, मधला दुवा तुटला तर काय करायचं, हे माझं रोजचं काम. म्हणून असेल, मला या इतिहासात गाण्यांइतकाच रस्ता दिसतो. चार-पाच तरुण, एक जुनी व्हॅन आणि टेलिफोन नंबरांची वही, एवढ्या भांडवलावर एका अवाढव्य देशात नेटवर्क कसं उभं राहिलं? आणि त्याचं बिल कोणी भरलं? दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण या गोष्टी सांगताना तोच बहुतेक वेळा गाळला जातो.

रेडिओची यंत्रं विकणारा मुलगा

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला हर्मोसा बीच नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या ग्रेग गिन या मुलाने शाळकरी वयातच हौशी रेडिओवाल्यांसाठी लागणारी उपकरणं पोस्टाने विकायचा धंदा सुरू केला होता. धंद्याचं नाव एसएसटी. पुढे १९७६मध्ये त्याने बँड काढला, तोच नंतर ‘ब्लॅक फ्लॅग’ झाला. त्यांची पहिली रेकॉर्ड दुसऱ्या एका कंपनीकडे रखडली, तेव्हा गिनने फोन डिरेक्टरीत रेकॉर्ड छापणारा कारखाना शोधला आणि १९७९च्या सुरुवातीला ती स्वतःच बाजारात आणली. लेबलचं नाव नवं कशाला शोधायचं? रेडिओच्या धंद्याचंच लावलं. अमेरिकन इंडी रॉकमधल्या सगळ्यात महत्त्वाच्या लेबलांपैकी एक अशा रीतीने सर्किट आणि ट्रान्समीटरच्या दुकानातून निघालं.

रेकॉर्ड निघाली, पण ऐकवायची कुणाला? मोठी रेडिओ स्टेशनं असलं काही वाजवत नव्हती. लॉस एंजेलिसचे पोलिस पंक बँडचे कार्यक्रम बंद पाडायचे, त्यामुळे क्लबवाले कचरायचे. मग उरला हायवे.

बँडचा बेसिस्ट चक डुकाउस्की फोन घेऊन बसायचा. प्रत्येक शहरात एक तरी माणूस हवा: हस्तलिखितासारखं छोटं फॅनझीन काढणारा, कॉलेज रेडिओवर रात्रीचा कार्यक्रम करणारा, नाहीतर रेकॉर्डच्या दुकानात काउंटरवर बसणारा. तो माणूस हॉल शोधणार. कधी माजी सैनिकांच्या संघटनेचा, कधी चर्चचं तळघर. कॅनडातल्या व्हँकुव्हरचा ‘डी.ओ.ए.’ आणि सॅन फ्रान्सिस्कोचा ‘डेड केनेडीज’ हे बँडही असेच फिरत होते. ते आपापले नंबर एकमेकांना द्यायचे. कुठला हॉल बरा, कोण पैसे बुडवतो, कुणाकडे झोपायला जागा मिळते, अशी माहिती बँडकडून बँडकडे सरकत गेली. १९९२पासून ‘मॅक्झिमम रॉक अँड रोल’ या मासिकाच्या पुढाकाराने अशा नंबरांची वार्षिक डिरेक्टरीच निघू लागली. पण पहिली दहा-बारा वर्षं हा सगळा डेटाबेस लोकांच्या खिशातल्या वह्यांमध्ये होता.

अंतराचं गणित

या रस्त्याची लांबी डोळ्यांसमोर आणणं आपल्याला जरा अवघड जातं. लॉस एंजेलिस ते टेक्सासमधलं ऑस्टिन हे अंतर साधारण २,२०० किलोमीटर. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत महामार्गांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा आली होती. कुठेही न थांबता सतत त्या वेगाने गेलं तरी पंचवीस तास लागणार. मध्ये वाळवंट. पोचल्यावर अ‍ॅम्प्लिफायर उतरवायचे, वाजवायचं, पुन्हा चढवायचे आणि पुढचं शहर.

म्हणून मधली गावं महत्त्वाची. मोठ्या दोन शहरांच्या मध्ये एखाद्या छोट्या कॉलेजगावात पन्नास लोकांसमोर वाजवलं, तर निदान पुढच्या टाकीचं पेट्रोल निघतं. बड्या कंपनीच्या बँडला ही गावं नकाशावर दिसायचीही नाहीत. इंडी बँड तिथे गेले ते आधी गरजेपोटी. पण तिथल्या पन्नासांपैकी पाच जणांनी पुढच्या वर्षी स्वतःचा बँड काढला आणि पुढच्या फेरीत तेच यजमान झाले.

वाहन बहुधा फोर्डची इकोनोलाइन किंवा तिच्यासारखी मालवाहू व्हॅन. मागच्या भागात प्लायवुडचा माळा ठोकायचा, खाली सामान, वर माणसं. हॉटेल परवडत नाही, म्हणून कार्यक्रमात ओळख झालेल्या कुणाच्या तरी घरी जमिनीवर पथारी.

हेन्‍री रॉलिन्स १९८१मध्ये ब्लॅक फ्लॅगचा गायक झाला. त्याआधी तो वॉशिंग्टनमधल्या एका आइस्क्रीमच्या दुकानाचा मॅनेजर होता. पुढच्या पाच वर्षांच्या दौऱ्यांत तो डायरी लिहीत राहिला, ती १९९४मध्ये ‘गेट इन द व्हॅन’ या नावाने प्रसिद्ध झाली. रॉकस्टारच्या आयुष्याची स्वप्नं बघणाऱ्याने ती जरूर वाचावी. भूक, थंडी, मारामाऱ्या, अंगावर थुंकणारे प्रेक्षक, आणि दिवसेंदिवस त्याच चार चेहऱ्यांसोबत एका पत्र्याच्या डब्यात राहून आलेला अबोला. याच काळात ‘डॅमेज्ड’ या अल्बमवरून एका कंपनीशी कोर्टकज्जा झाला. बँडला स्वतःच्या नावाने नवी रेकॉर्ड काढता येईना. कोर्टाच्या अवमानाबद्दल गिन आणि डुकाउस्की यांनी पाच दिवस तुरुंगातही काढले. तो पेच सुटल्यावर एकट्या १९८४मध्ये त्यांनी तीन स्टुडिओ अल्बम काढले आणि दौरेही चालू ठेवले. १९८६मध्ये बँड संपला.

या व्हॅनमधली मला सगळ्यात जवळची वाटते ती कायरा रॉसलर. ती १९८३मध्ये बेसिस्ट म्हणून आली, तेव्हा यूसीएलएत इंजिनिअरिंग शिकत होती. दौरे तिच्या शिक्षणाचं वेळापत्रक सांभाळून आखले जायचे. सबमिशन आणि ओरल्सच्या आठवड्यात साधं गॅदरिंगला जाणंही जमत नाही, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलंय. ती बाई टर्म संपली की देशभर बेस वाजवत फिरत होती आणि पुन्हा वर्गात येऊन बसत होती. पुढे ती सिनेमाच्या ध्वनिसंपादनात गेली. ‘मॅड मॅक्स: फ्यूरी रोड’च्या संवादांवर तिने काम केलंय. पुन्हा बघाल तेव्हा श्रेयनामावलीत नाव शोधा.

काटकसरीचं तत्त्व

एसएसटीवरचाच दुसरा बँड ‘मिनटमेन’. सॅन पेड्रो या बंदराच्या गावातले डी. बून आणि माइक वॉट हे बालमित्र, आणि ड्रमवर जॉर्ज हर्ली. पोरं रस्त्यावर भटकण्यापेक्षा घरात वाजवत बसलेली बरी, म्हणून बूनच्या आईने त्यांना बँड काढायला लावलं. वॉटने बेस शिकावा हेही तिनेच सुचवलं.

काटकसरीसाठी त्यांचा लाडका शब्द होता ‘इकोनो’. सुरुवातीची रेकॉर्डिंग मध्यरात्रीनंतरच्या स्वस्त वेळेत, वापरलेल्या टेपवर. पोटासाठी नोकरी सोडायची नाही. सामान स्वतः उचलायचं. त्यांच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या, कार्यक्रम आणि कार्यक्रमाची जाहिरात. रेकॉर्ड, मुलाखत, पोस्टर हे सगळं दुसऱ्या खात्यात. १९८४चा त्यांचा दुहेरी अल्बम ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ सुमारे अकराशे डॉलरमध्ये झाला. निकल म्हणजे पाच सेंट, दोन निकल म्हणजे ५५ची वेगमर्यादा. डाइम म्हणजे दहा सेंट, अर्थात इंटरस्टेट १० हा महामार्ग. वेगमर्यादेविरुद्ध बंड म्हणून जोरात गाडी हाणण्याचं एक लोकप्रिय गाणं तेव्हा गाजत होतं. यांचं उत्तर असं, की आम्ही गाडी नेमक्या पंचावन्नने चालवू आणि धाडस संगीतात करू.

खर्च कमी ठेवला की ‘नाही’ म्हणता येतं. या इतिहासातून मला शिकण्यासारखं सगळ्यात मोठं वाटतं ते हे. ब्लॅक फ्लॅगने स्वतःला जाळत रस्ता पाडला. मिनटमेनने त्यावरून परवडेल असं कसं चालायचं ते दाखवलं. आणि ‘फुगाझी’ने तो हिशेब सोळा वर्षं चालवला.

पाकिटातली पाचाची नोट

फुगाझीचा इयन मॅकाय हा रॉलिन्सचा बालमित्र. त्याचा शाळेतला बँड ‘टीन आयडल्स’ १९८०मध्ये बसने कॅलिफोर्नियाला गेला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लबने या मुलांना आत घेतलं, पण हातावर काळी फुली मारून. फुली म्हणजे वय कमी, बारवाल्याने दारू द्यायची नाही. ही युक्ती त्यांनी वॉशिंग्टनला परत नेली. तो बँड लवकरच फुटला, पण गल्ल्यात साठलेले सुमारे सहाशे डॉलर वाटून न घेता त्यांनी त्यातून रेकॉर्ड छापली. ‘डिस्कॉर्ड’ हे लेबल त्यातून उभं राहिलं.

फुगाझीचा पहिला कार्यक्रम सप्टेंबर १९८७मधला. मॅनेजर नाही, एजंट नाही, टी-शर्ट विकायचे नाहीत. बुकिंग मॅकाय स्वतः फोनवर करायचा. अट अशी, की कुठल्याही वयाच्या माणसाला प्रवेश आणि तिकीट शक्यतो पाच डॉलर. समजा तीनशे लोक आले, तर जमा दीड हजार. हॉल, साउंड, पेट्रोल वजा जाता चौघांत वाटायला काही उरतं, कारण मध्ये टक्का घेणारं कुणी नाही. गर्दीत धसमुसळेपणा करणाऱ्याला ते गाणं थांबवून बाहेर काढायचे आणि पाच डॉलरची नोट घातलेलं पाकीट हातात द्यायचे. पैसे परत, तुझा-आमचा व्यवहार संपला. २००३पर्यंत त्यांनी अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आणि जगभर मिळून हजाराहून अधिक कार्यक्रम केले.

बिल

ही गोष्ट इथेच थांबवली तर ती आमच्या ऑफिसातल्या प्रेरणादायी पोस्टरसारखी होईल. उपाशी राहा, जमिनीवर झोपा, यश मिळेल. स्टार्टअपच्या जगात हे रोज ऐकायला मिळतं, म्हणून मला उरलेले आकडेही मांडावेसे वाटतात.

‘सगळं स्वतः केलं’ असं म्हणताना अनेकांचे हात अदृश्य होतात. ब्लॅक फ्लॅगच्या मुलांना गिनचे आईवडील जेवू घालत. रॉलिन्स त्यांच्याच घरामागच्या शेडमध्ये राहिला. प्रत्येक शहरात ज्यांच्या घरी बँड झोपला, त्या घरात दुसऱ्या दिवशी भांडी कुणीतरी घासलीच असतील. त्यांची नावं कुठल्याही अल्बमवर नाहीत. दुसरं, लेबल मित्राचं असलं म्हणून हिशेब चोख असतोच असं नाही. एसएसटीवरच्या अनेक बँडनी पुढे रॉयल्टी न मिळाल्याच्या तक्रारी केल्या. ‘सॉनिक यूथ’ने तर आपल्या अल्बमचे हक्क परत मिळवले.

तिसरं बिल शरीराचं. २२ डिसेंबर १९८५ला अ‍ॅरिझोनात डी. बूनचा अपघाती मृत्यू झाला, सत्ताविसाव्या वर्षी. मिनटमेन नुकतेच ‘आर.ई.एम.’सोबतचा दौरा आटोपून आले होते. हा प्रवास दौऱ्याचा नव्हता, पण ताप होता म्हणून तो व्हॅनच्या मागच्या भागात आडवा झाला होता, सीटबेल्ट न लावता. व्हॅनच्या मागच्या भागात असं झोपणं या सगळ्यांना किती सवयीचं होतं, हे वर आलंच आहे. अ‍ॅक्सल तुटला, व्हॅन रस्त्याबाहेर गेली आणि तो बाहेर फेकला गेला.

वॉटने त्यानंतर वाजवणं सोडायचं ठरवलं होतं. ओहायोतला एड क्रॉफर्ड नावाचा चाहता थेट सॅन पेड्रोला येऊन धडकला आणि त्याने वॉट-हर्लीला पुन्हा वाजवायला राजी केलं. तिघांचा ‘फायरहोज’ हा बँड १९८६मध्ये सुरू झाला. नेटवर्कचा एक दुवा तुटल्यावर दुसऱ्या टोकाचा एक अनोळखी माणूस निघून आला होता.

आज बँडला गुगल मॅप्स आहे, मेसेजवर बुकिंग होतं, गाणं क्षणात जगभर जातं. तरी चार माणसं आणि त्यांचं सामान दुसऱ्या शहरात न्यायला तेवढेच तास आणि तेवढंच इंधन लागतं. तुमच्या ओळखीत असा एखादा बँड असेल तर त्यांच्या कार्यक्रमाचं तिकीट काढा. गेस्ट लिस्टमध्ये नाव घालायला सांगू नका. ते तुमच्या घरी उतरले तर सकाळी नाश्ता द्या. आणि रात्रभर गाडी चालवून पुढच्या गावी निघाले असतील, तर त्यांना थांबवून घ्या.

फुगाझीच्या आठशेहून अधिक कार्यक्रमांची रेकॉर्डिंग झाली होती. डिस्कॉर्डने २०११पासून ती ऑनलाइन खुली करायला सुरुवात केली. शहर, तारीख, अनेक ठिकाणी तिकिटाचा दर आणि आलेल्या लोकांची संख्याही तिथे नोंदलेली आहे. मी कधीकधी गाणं न लावता नुसती ती यादी वाचत बसते.