अ‍ॅबिंग्डनचे ‘बार्टर थिएटर’ : शेतमालाच्या मोलाने उभी राहिलेली नाट्यसंस्था

नाट्यसंस्थांचा इतिहास बहुधा नट, नाटककार आणि नाटके यांच्या अनुषंगाने लिहिला जातो; त्या संस्था जगल्या कशावर, हा प्रश्न दुय्यम मानला जातो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य भागात, अ‍ॅबिंग्डन या लहानशा गावी १९३३ साली स्थापन झालेल्या ‘बार्टर थिएटर’चा इतिहास मात्र याच प्रश्नापासून सुरू करावा लागतो. ‘बार्टर’ म्हणजे वस्तुविनिमय. संस्थेचे हे नाव म्हणजे तिच्या अर्थव्यवहाराचे यथार्थ वर्णनच होय.

उन्हाळी रंगभूमीची प्रथा अमेरिकेत त्यापूर्वीच रूढ झाली होती. उकाड्यामुळे न्यूयॉर्कमधील अनेक नाट्यगृहे ग्रीष्मात बंद राहत, आणि नटमंडळी मोकळी होत. मॅसॅच्युसेट्समधील डेनिस येथे १९२७ मध्ये व कनेक्टिकटमधील वेस्टपोर्ट येथे १९३१ मध्ये अशी ग्रीष्मकालीन नाट्यगृहे निघाली. परंतु त्यांचा मुख्य आधार सुटीसाठी आलेला सुखवस्तू शहरी प्रेक्षक हा होता. गाव हे तेथे केवळ प्रयोगाचे स्थळ होते. अ‍ॅबिंग्डन येथे गावकरी हाच आश्रयदाता झाला, हा भेद महत्त्वाचा आहे.

१९२९ च्या आर्थिक अरिष्टाने हा भेद घडवून आणला. १९३३ पर्यंत अमेरिकेतील श्रमिकांपैकी सुमारे चतुर्थांश लोक बेकार झाले होते. शेतमालाचे भाव कोसळल्यामुळे शेतकऱ्याजवळ माल होता, पण त्यास गिऱ्हाईक नव्हते; न्यूयॉर्कच्या नटाजवळ कला होती, पण काम नव्हते. टंचाई होती ती रोख पैशाची. रॉबर्ट पोर्टरफील्ड हा नैर्ऋत्य व्हर्जिनियातच वाढलेला तरुण नट या दोन्ही परिस्थितींशी परिचित होता. पैसा वगळून या दोन गरजांची गाठ घालावी, या विचाराने त्याने आपल्या बेकार सहकाऱ्यांना अ‍ॅबिंग्डनला आणले. १० जून १९३३ रोजी पहिला प्रयोग झाला.

प्रवेशमूल्य ४० सेंट, किंवा तितक्या किमतीचा शेतमाल, असे ठरले होते. भाजीपाला, दूध, अंडी, कोंबड्या, क्वचित जिवंत डुकरेही तिकिटाच्या मोबदल्यात स्वीकारली जात. पाचांपैकी चार प्रेक्षक या मार्गाने प्रवेश मिळवीत, असे संस्थेच्या इतिहासात नमूद आहे. पहिल्या हंगामाअखेर शिल्लक राहिली ती ४ डॉलर ३५ सेंट रोकड व मुरंब्याची दोन पिंपे; शिवाय सर्व मंडळींचे मिळून वजन ३०० पौंडांनी वाढले, असे सांगितले जाते. या हिशेबातील विनोद बाजूस ठेवला, तरी त्यातील अर्थ गंभीर आहे : हंगामाचे साध्य नफा हे नसून उदरनिर्वाह हे होते.

प्रयोगाची वास्तूही गावाचीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रार्थनामंदिर म्हणून बांधलेली ही इमारत पुढे गावाच्या सार्वजनिक उपयोगात आली होती. रंगमंचाखाली गावचा तुरुंग होता, तर छपरावर आगीची सूचना देणारा भोंगा. तो वाजू लागला की नटांनी आहे त्या स्थितीत स्तब्ध व्हावे आणि तो थांबताच प्रयोग पुढे चालू करावा, असा प्रघात पडला.

नाटककारांचे मानधनही याच न्यायाने दिले जाई. नोएल कॉवर्ड, थॉर्न्टन वाइल्डर यांसारख्या लेखकांना व्हर्जिनियातील प्रसिद्ध ‘हॅम’, म्हणजे डुकराच्या मांडीचे खारवलेले मांस, पाठविले गेले. शाकाहारी बर्नार्ड शॉ याने ते परत करून पालकाची मागणी केली, ही आख्यायिका संस्थेच्या परंपरेत आजही सांगितली जाते.

दुसऱ्या महायुद्धात काम खंडित झाले. १९४६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, त्याच वर्षी संस्थेस व्हर्जिनियाच्या राज्य नाट्यगृहाचा दर्जा मिळाला. रोख पैसा गावात परतला, तसा विनिमय मागे पडला. शेतकऱ्याच्या टोपलीची जागा तिकीटविक्रीने व शासकीय साहाय्याने घेतली. न्यूयॉर्कचे जुने एम्पायर नाट्यगृह १९५३ मध्ये पाडण्यात आले, तेव्हा पोर्टरफील्डने तेथील खुर्च्या व अन्य साहित्य अ‍ॅबिंग्डनला आणले. ग्रेगरी पेक, पॅट्रिशिया नील, अर्नेस्ट बोर्गनाइन यांसारख्या नटांच्या उमेदवारीचा काळ येथे गेला. १९७१ मध्ये पोर्टरफील्डचे निधन झाले. संस्था मात्र टिकली आणि तिचे कार्य उन्हाळ्यापुरते मर्यादित राहिले नाही.

या प्रयोगाचे मूल्यमापन करताना एक मर्यादा विसरता येणार नाही. सार्वजनिक सभागृहांत गौरवर्णीय व कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी वेगवेगळे बसावे, असा व्हर्जिनियाचा १९२६ चा कायदा होता. ज्या काळी शेतमाल देणारा प्रत्येक जण आश्रयदाता ठरत होता, त्या काळी या राज्यात प्रेक्षागृहातील समतेला कायद्यानेच कुंपण घातले होते. ‘गावाचे नाट्यगृह’ हा शब्दप्रयोग म्हणूनच सावधपणे करावयास हवा.

तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. बेकार नटांसाठी संघराज्य शासनाची नाट्ययोजना १९३५ मध्ये सुरू झाली व १९३९ मध्ये संपुष्टात आली. तिच्या दोन वर्षे आधी निघालेली अ‍ॅबिंग्डनची संस्था तिच्यानंतरही उरली. याचे श्रेय पुढील काळातील राजाश्रयाला आहेच. परंतु राजाश्रय लाभेपर्यंत ती जिवंत राहिली, ती नाटकाला भाजीपाल्याइतकीच नित्याची वस्तू मानणाऱ्या प्रेक्षकांमुळे.