गोब्लिनांचा राजा आणि वर्गीकरणाचा प्रश्न

‘देवमासा हा मासा नाही’ हे वाक्य आपण दरवर्षी वर्गात सांगतो आणि विद्यार्थी ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतात. एखादा चौकस विद्यार्थी मात्र विचारतो, ‘सर, नाही हे कोणी ठरवले?’ प्रश्न साधा वाटला तरी तो वर्गीकरणाच्या मुळाशी जाणारा आहे. निसर्गात वर्ग आयते असतात, की आपण ते पाडतो? पाडत असू, तर कशाच्या आधारावर? जीवशास्त्रात या प्रश्नांचा इतिहास काही शतकांचा आहे. त्याची एक छोटी प्रतिकृती अवघ्या तीस वर्षांत, तीही एका पत्त्यांच्या खेळात घडलेली आहे. तिच्याकडे पाहिले तर वर्गात उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते.

रंगापलीकडचे वर्ग

नेहमीच्या पत्त्यांत ५२ पाने, चार रंग आणि प्रत्येक रंगात १३ पाने असतात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग असून प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी १२, म्हणजे एकूण १२० पाने असतात. या खेळांत रंग आणि दर्जा एवढे सांगितले की पानाची संपूर्ण ओळख पटते. हे वर्गीकरण इतके नेटके आहे की ते दुरुस्त करण्याची वेळ सहसा येत नाही.

ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेत ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ बाजारात आला. त्याचे जनक रिचर्ड गारफील्ड हे गणितज्ञ. त्याच वर्षी त्यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची चयन-गणितातील पीएच. डी. मिळाली होती. या खेळात दोन जादूगारांचे द्वंद्व असते. प्रत्येक खेळाडू दुकानातून पाने विकत घेऊन किंवा मित्रांशी अदलाबदल करून आपला स्वतःचा जोड तयार करतो. पहिल्या संचात २९५ पाने होती; आज वेगवेगळ्या पानांची संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली आहे. बहुतेक प्रत्येक पानावर त्याचा स्वतःचा असा एखादा नियम छापलेला असतो. एवढी पाने एकत्र खेळायची, तर केवळ रंग आणि दर्जा पुरणार नाहीत. ‘हे पान काय करते?’ यावर वर्ग पाडावे लागतात.

सुरुवातीचे वर्ग असे होते. ‘लँड’ म्हणजे भूमी. हिच्यापासून जादूसाठी लागणारी शक्ती मिळते आणि एका पाळीत एकच भूमी मांडता येते. ‘क्रीचर’ म्हणजे लढणारा जीव. त्याचे बळ आणि सहनशक्ती दोन आकड्यांनी दाखवतात. ‘आर्टिफॅक्ट’ म्हणजे जादूची वस्तू. ‘एन्चान्टमेंट’ म्हणजे पटावर टिकून राहणारा मंत्र. ‘सॉर्सरी’ हा एकदाच वापरायचा मंत्र असून तो फक्त आपल्या पाळीत टाकता येतो, तर ‘इन्स्टंट’ प्रतिस्पर्ध्याच्या पाळीतही टाकता येतो. सातवा वर्ग ‘इंटरप्ट’. समोरचा मंत्र टाकत असतानाच त्याला अडवणारी ही पाने होती.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावी. सॉर्सरी आणि इन्स्टंट यांचा परिणाम पुष्कळदा सारखाच असतो. फरक असतो तो पान केव्हा वापरता येते यात. म्हणजे वर्ग ठरतो तो पानावरच्या चित्रावरून नव्हे, तर नियमांच्या चौकटीतील पानाच्या वागणुकीवरून.

वर्ग का मोडले?

पहिली दुरुस्ती वर्षभरातच झाली. सुरुवातीला आर्टिफॅक्टचे उपप्रकार होते : एकदा वापरले की आडवे करून ठेवायचे, पुन्हा पुन्हा वापरता येणारे आणि सतत परिणाम करणारे. १९९४ च्या सुधारित आवृत्तीत ते काढून टाकले आणि वापराची रीत पानाच्या मजकुरातच लिहिली. जे पानावर सांगता येते त्यासाठी वेगळा वर्ग कशाला?

दुसरी मोठी दुरुस्ती १९९९ मधील. सहाव्या आवृत्तीत सर्व मंत्रांसाठी एकच व्यवस्था आली. आपल्याकडे घरात मडक्यांची उतरंड असते. शेवटी ठेवलेले मडके आधी काढावे लागते. तसेच, शेवटी टाकलेला मंत्र आधी फळतो. संगणकशास्त्रात हीच रचना ‘स्टॅक’ म्हणून ओळखली जाते आणि खेळातही तेच नाव वापरतात. ही उतरंड आल्यावर इंटरप्टला वेगळा वेग देण्याची गरज उरली नाही. तो वर्ग रद्द झाला आणि त्यातली पाने इन्स्टंट झाली. पाने तीच राहिली. सिद्धान्त बदलला, म्हणून वर्ग बदलला.

क्रीचरांच्या उपवर्गांची कथा अधिक गमतीची आहे. गोब्लिन म्हणजे युरोपी लोककथांतला खुजा, खोडकर राक्षस. पहिल्या संचात ‘गोब्लिन किंग’ नावाचे पान होते. त्यामुळे पटावरील सर्व गोब्लिनांचे बळ वाढे. पण त्या पानावर उपवर्ग छापला होता ‘लॉर्ड’. म्हणजे नियमानुसार गोब्लिनांचा राजा स्वतः गोब्लिन नव्हता! १९९४ मध्ये सर्व गोब्लिनांचा नाश करणारे एक पान आले, तेव्हा प्रजा मेली तरी राजा मात्र जिवंत राही. पुढे त्याला गोब्लिनांत घेतले गेले. पण तसे करताच त्याने स्वतःचेही बळ वाढवले असते. म्हणून मजकुरात ‘इतर गोब्लिन’ असा बदल करावा लागला. एक वर्ग हलवला की त्याला जोडलेला नियमही हलतो.

त्याहून बोलकी गोष्ट माणसाची. दहा वर्षे या खेळात सैनिक होते, जादूगार होते, पण ‘मानव’ असा उपवर्ग नव्हता. गोब्लिनाला गोब्लिन म्हणायचे, माणसाला मात्र त्याच्या व्यवसायाने ओळखायचे! ‘मानव’ हा उपवर्ग नियमितपणे छापला जाऊ लागला २००३ मध्ये. वर्गीकरण करणारा स्वतःलाच यादीत घालायला विसरतो, तो असा.

रिकामी जागा

मे २००७ मध्ये ‘टार्मोगॉइफ’ नावाचे क्रीचर आले. टाकलेल्या पानांच्या ढिगांत जितके वर्ग असतील तितके त्याचे बळ. त्यामुळे सर्व वर्गांची यादी पानावरच छापली होती आणि तीत ‘प्लेन्सवॉकर’ हे नाव होते. या वर्गाचे एकही पान तेव्हा अस्तित्वात नव्हते! ती पाने आली ऑक्टोबर २००७ मध्ये. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये ॲल्युमिनियमखालच्या मूलद्रव्याचे गुणधर्म वर्तवले आणि १८७५ मध्ये गॅलियम सापडले, याची येथे आठवण होते. मात्र फरकही विसरू नये. खेळ रचणाऱ्यांना पुढचे पान ठाऊक होते. मेंडेलीव्हला ते निसर्गाच्या नियमिततेवरून ताडावे लागले.

दुसराही फरक आहे. खेळात एकच पान आर्टिफॅक्ट आणि क्रीचर असे दोन्ही असू शकते. तशी पाने पहिल्या संचापासून आहेत. जीवशास्त्रात देवमासा एकाच वेळी सस्तन आणि मासा असू शकत नाही, कारण तेथील वर्ग वंशवृक्षाच्या फांद्यांप्रमाणे एकातून एक फुटलेले असतात. खेळाच्या वर्गांमागे सोय असते, जीवशास्त्राच्या वर्गांमागे नाते.

पुन्हा देवमाशाकडे

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. स्वीडनच्या लिनियसने १७३५ च्या ग्रंथात माणसाला वानरांच्या गटात बसवण्याचे धाडस केले. पण त्याच ग्रंथात देवमासा माशांमध्येच होता. फुप्फुसांनी होणारे श्वसन, उष्ण रक्त, पिलांना दूध पाजणे या लक्षणांना महत्त्व देऊन १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्यानेच तो सस्तन प्राण्यांत हलवला. म्हणजे ‘नाही’ हे ठरवणारा माणूस आधी ‘होय’ म्हणाला होता.

वर्गात हे करून पाहता येईल. मुलांच्या गटांना दप्तरातील वीस वस्तू द्याव्यात आणि वर्ग पाडून प्रत्येक वर्गाचा नियम लिहायला सांगावे. मग कोणत्याच वर्गात न बसणारी एकविसावी वस्तू द्यावी. कोणता गट वस्तूला कसेबसे कोंबतो आणि कोणता गट आपला नियम पुन्हा लिहितो, ते पाहावे. ‘देवमासा हा मासा नाही’ हे वाक्य त्यानंतर फळ्यावर लिहावे.